भुताचे ऐकून तर घ्या!

पालकहो आणि छोट्या दोस्तांनो,

आम्ही मोठ्या गटातली मुले जपानी भुतांचे चित्रपट आवडीने पाहतो. घरी हे कळले की ठरलेली वाक्ये ऐकू येतात. "कसली ती भुतंखेतं! रात्री झोप लागणार नाही. त्यापेक्षा मराठीचा गृहपाठ करा." गृहपाठ आम्ही करूच. पण या चित्रपटांना सरसकट नावे ठेवणे आम्हाला पटत नाही. का, ते सांगतो.

पहिले कारण म्हणजे यांतल्या चांगल्या चित्रपटांत रक्तपात फार कमी असतो. हिदेओ नाकाता यांचा १९९८ सालचा 'रिंगू' घ्या. कोजी सुझुकी यांच्या १९९१ च्या कादंबरीवरून तो काढला आहे. एक व्हिडिओ कॅसेट पाहणारा माणूस सात दिवसांनी मरतो, एवढीच कल्पना. सादाको नावाचे भूत बराच वेळ धड दिसतही नाही. शेवटी ती चालत येते तेव्हा मात्र अंगावर सर्रकन काटा येतो. युक्ती साधीच आहे. नटीला मागे मागे चालायला लावले आणि ते चित्रण उलटे फिरवून दाखवले!

दुसरे कारण आम्हाला जास्त महत्त्वाचे वाटते. या गोष्टींतले भूत बहुधा अन्याय झालेला माणूस असते. सादाकोच्या आईला भर सभेत खोटे ठरवले गेले आणि सादाकोला विहिरीत टाकले गेले. विहिरीतले हे भूत जपानला जुनेच. ओकिकू नावाच्या मोलकरणीची लोककथा तिथे सर्वांना ठाऊक आहे. तिने मालकाला नकार दिला, म्हणून त्याने दहा मौल्यवान ताटल्यांपैकी एक लपवली, चोरीचा आळ तिच्यावर घातला आणि तिला विहिरीत ढकलले. मग रात्री विहिरीतून मोजण्याचा आवाज येई. एक, दोन, तीन... नऊ, आणि मग किंकाळी. दहावी ताटली कुठे गेली हे विचारणारे कोणीच नव्हते.

१९६४ साली मासाकी कोबायाशी यांनी काढलेल्या 'क्वाइदान'मध्ये होइची नावाचा आंधळा वादक आहे. ११८५ च्या समुद्रावरील लढाईत बुडालेले योद्धे त्याला रात्री बोलावून नेतात. कशासाठी? आपल्या पराभवाची कथा त्याच्या तोंडून ऐकण्यासाठी. आमच्या मते या चित्रपटांची खरी ओढ इथेच आहे. भीती तर वाटतेच, पण भुताची बाजूही पटू लागते.

जपानी लोकांचे मेलेल्यांशी नाते तुटलेले नसते. उन्हाळ्यात ओबोन हा सण येतो. त्या दिवसांत पूर्वज घरी येतात असे मानतात आणि त्यांच्यासाठी दिवे लावतात. आपला पितृपक्ष आठवला ना? आपला मुंजाही तसाच. मुंज झाली, पण लग्नाआधीच वारला, म्हणून पिंपळावर राहिला. इच्छा अपुरी राहिली की जीव घुटमळतो, हे आपल्या आजीला आणि जपानी आजीला सारखेच ठाऊक आहे. फरक एवढाच, की जपान्यांनी आपले जुने भूत उचलून कॅसेटमध्ये आणि टीव्हीत बसवले. त्यामुळे शहरातल्या मुलांनाही ते आपले वाटले आणि २००२ साली अमेरिकेनेही 'द रिंग' नावाने ती गोष्ट पुन्हा काढली.

छोट्या दोस्तांनी हे चित्रपट इतक्यात पाहू नयेत, हे आम्हालाही मान्य आहे. पण मोठ्यांना नुसते "बंद कर ते" म्हणण्याऐवजी आई-बाबांनी एकदा शेजारी बसून पाहावे. संपल्यावर "या भुताचे काय चुकले?" एवढे विचारावे. तासभर गप्पा होतील, आणि आम्ही खात्रीने सांगतो, मराठीत होतील! मग मुंजाची, हडळीची, गावच्या विहिरीची गोष्ट तुम्ही सांगा. त्या गोष्टी आम्हाला पुस्तकात सापडत नाहीत. त्या तुमच्याकडेच आहेत, आणि तुम्ही सांगितल्या नाहीत तर आमच्यापाशीच संपतील.

पटते का? नसेल पटत, तर तसे लिहा. पुढच्या अंकात जरूर छापू.

– मोठा गट