पन्नासातले दहा तास

“बाई, हा मला चिडवतोय.” शाळेत दिवसातून किती वेळा हे वाक्य कानावर पडते, याची मोजदाद कुणी ठेवत नाही. त्यावरचे उत्तरही ठरलेले असते: “तू लक्ष देऊ नकोस, जागेवर बस.” साठ मुलांचा वर्ग, अर्धा राहिलेला धडा, ऑनलाइन भरायची माहिती, या धबडग्यात असे उत्तर देणाऱ्या बाईंना निष्ठुर म्हणणे अन्यायाचे होईल. पण तक्रार घेऊन आलेले मूल त्या उत्तरातून एवढेच शिकते की पुन्हा सांगायला जायचे नाही. त्रास देणाऱ्यालाही तेच कळते.

कॅनडात टोरांटोच्या शाळांमध्ये डेब्रा पेप्लर आणि वेंडी क्रेग या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९०च्या दशकात मैदानावरच्या मुलांचे कॅमेऱ्याने चित्रण केले. मुलांच्या अंगावर छोटे बिनतारी माइकही लावले होते. ढकलाढकली, टोमणे, खेळात न घेणे असे प्रसंग पुन्हा पुन्हा टिपले गेले. बहुतेक प्रसंग मिनिटाच्या आत संपत. शंभरातल्या पंच्याऐंशी प्रसंगांत इतर मुले या ना त्या प्रकारे सामील होती. मोठ्या माणसाने मध्ये पडल्याचे प्रसंग होते शंभरात चार.

चार! मैदानावर शिक्षक हजर असूनही. अर्ध्या मिनिटात संपणारी गोष्ट दिसायची, तर काय बघायचे हे आधी ठाऊक असावे लागते. ते आपोआप येत नाही, शिकावे लागते. शिक्षकाची माया कितीही असली तरी तिने हे कौशल्य येत नाही, आणि ते न शिकवता शिक्षकाला जाब विचारण्यात काही अर्थ नाही.

मुलांनी मुलांच्या केलेल्या छळाचा शास्त्रीय अभ्यास उभा केला मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी. १९८२च्या अखेरीस उत्तर नॉर्वेत तीन मुलग्यांनी जीव दिला. सोबत्यांचा छळ हे त्यामागचे कारण असावे, असे समोर आले आणि देश हादरला. १९८३मध्ये तिथल्या सरकारने देशभर मोहीम सुरू केली. बर्गेनमधल्या ४२ शाळांत ओल्वेयस यांनी काम केले आणि दोन वर्षांत तिथल्या छळाचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. त्यांनी केलेली छळाची व्याख्या आजही वापरात आहे: त्रास जाणूनबुजून दिलेला, पुन्हा पुन्हा दिलेला, आणि दोघांच्या बळात तफावत असलेला.

तिसरी अट आपल्याकडे हमखास विसरली जाते. दोघांना समोर उभे करून “सॉरी म्हण, हात मिळवा” हा आपला रूढ उपाय भांडणाला लागू पडतो. भांडण बरोबरीच्यांचे असते. छळात एक जण घाबरलेला असतो, आणि ज्याची भीती वाटते त्याच्याच हातात त्याला हात द्यायला लावले जाते. शाळा सुटल्यावर रस्त्यात काय होते, ते त्या मुलालाच माहीत.

फिनलंडने यावर बारकाईने काम केले. तुर्कू विद्यापीठात क्रिस्टिना सालमिवाल्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘किवा’ नावाचा कार्यक्रम तयार केला. फिनिश भाषेत या शब्दाचा अर्थ ‘छान’, आणि ‘छळाविरुद्ध’ या अर्थाच्या दोन शब्दांची आद्याक्षरेही तीच. २००९पासून तो देशभर गेला. शाळेत किमान तीन मोठ्या माणसांचा गट असतो. तक्रार आली की गट आधी त्रास झालेल्या मुलाशी शांतपणे बोलतो. मग त्रास देणाऱ्यांशी बोलणे होते आणि ते काय बदलणार, हे त्यांच्याकडून ठरवून घेतले जाते. काही दिवसांनी तोच गट पुन्हा भेटतो आणि ठरलेले पाळले का, ते तपासतो. दरम्यान वर्गशिक्षक त्याच वर्गातल्या, इतर मुले ज्यांचे ऐकतात अशा दोन-चार मुलांना एकट्या पडलेल्याची साथ द्यायला सांगतात. मधल्या सुट्टीत देखरेख करणारे शिक्षक भडक रंगाचे जाकीट घालतात, म्हणजे मैदानाच्या कोपऱ्यातूनही मुलांना ते दिसतात. यातली प्रत्येक कृती शिक्षकांना प्रशिक्षणात शिकवली जाते. वरच्या इयत्तांत या कार्यक्रमाचा परिणाम कमी दिसला, हेही नोंदवायला हवे.

प्रशिक्षण किती हवे, याचाही अंदाज उपलब्ध आहे. डेव्हिड फॅरिंग्टन आणि मारिया तोफी यांनी २००९मध्ये जगभरच्या अशा कार्यक्रमांचा आढावा घेतला. छळ सरासरी पाचव्या हिश्शाने घटल्याचे त्यांना दिसले. परिणाम अधिक दिसला तो पालकसभा घेणाऱ्या, मैदानावरची देखरेख वाढवणाऱ्या आणि शिक्षकांना दहा तास किंवा त्याहून जास्त प्रशिक्षण देणाऱ्या कार्यक्रमांत. एका दुपारच्या व्याख्यानाने हे साधत नाही.

महाराष्ट्रात कागद कमी नाहीत. रॅगिंगविरोधी कायदा १९९९चा आहे आणि तक्रार आल्यावर सात दिवसांत चौकशी करण्याची जबाबदारी तो संस्थाप्रमुखावर टाकतो. शिक्षणहक्क कायद्याचे १७वे कलम शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळाला मनाई करते, पण व्यवहारात त्याचा रोख मोठ्यांच्या वागण्यावर राहतो. सीबीएसईने २०१५मध्ये शाळांना छळविरोधी समित्या नेमायला सांगितले. राज्याने २०२२मध्ये मुलांच्या सुरक्षेसाठी शाळांत सखी सावित्री समित्या नेमण्याचा आदेश काढला, आणि २०२४च्या ऑगस्टमध्ये बदलापूरच्या शाळेतली लैंगिक अत्याचाराची घटना उघड झाल्यावर त्याची नव्याने आठवण झाली. तक्रारपेट्या भिंतींवर आहेत. पण पेटीतली चिठ्ठी उघडल्यावर त्या मुलाशी पहिले वाक्य कोणते बोलायचे, हे शिक्षकांना शिकवलेच जात नाही.

आणि इथला छळ इथल्या समाजासारखाच असतो. आडनावावरून जात ओळखली जाते. रंग, जाडी, तोतरेपणा, गावाकडची बोली, वडिलांचे काम, काहीही पुरते. ऊसतोडणीच्या हंगामात वर्षाच्या मध्येच दुसऱ्या जिल्ह्यातल्या शाळेत येऊन बसलेल्या मुलाला ओळखीचे कुणीच नसते. आश्रमशाळेच्या वसतिगृहात संध्याकाळी घरी जायची सुटकाही नसते. शहरांत वर्गाचा मोबाइल ग्रुप रात्रीही जागा असतो. शिक्षकाने एकदा गमतीने घेतलेले टोपणनाव वर्गात वर्षभर टिकते, म्हणून प्रशिक्षणाची सुरुवात शिक्षकाच्या स्वतःच्या तोंडच्या शब्दांपासून व्हायला हवी. हे बोलायला अवघड आहे, पण टाळण्यासारखे नाही.

यासाठी नवा विभाग किंवा नवी समिती लागत नाही. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक प्रशिक्षण घेणे अपेक्षित आहे. केंद्रस्तरावरच्या शिक्षण परिषदा राज्यात रुळलेल्या आहेत. पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने त्या पन्नासातले दहा तास यासाठी राखून ठेवावेत आणि ते भाषणांत घालवू नयेत. शिक्षकांनी एकमेकांसमोर त्या मुलाची, त्रास देणाऱ्याची, संतापलेल्या पालकाची भूमिका करून संवादाचा सराव करावा. मधल्या सुट्टीत जिन्याखाली, स्वच्छतागृहाजवळ, मागच्या भिंतीपाशी कोण थांबणार, हे प्रत्येक शाळेने नकाशा काढून ठरवावे. डी.एल.एड. आणि बी.एड.च्या सराव पाठांत गणित-मराठीच्या जोडीने एक पाठ या संवादाचा असावा. पालकांनीही पुढच्या पालकसभेत गुणांची चौकशी झाल्यावर मुख्याध्यापकांना एक प्रश्न विचारावा: आमच्या मुलाने तक्रार केली, तर दुसऱ्या दिवशी शाळेत त्याच्याशी कोण बोलेल?