धुराची हळहळ आणि विजेची रखडपट्टी

लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकातून १८ मे २०१९ रोजी ‘इंटरसिटी १२५’ या जुन्या डिझेल गाड्यांनी लांब पल्ल्याच्या अखेरच्या फेऱ्या केल्या, तेव्हा त्यांना निरोप देण्यासाठी फलाटांवर गर्दी लोटली होती. १९७६ मध्ये याच स्थानकातून ब्रिस्टल आणि दक्षिण वेल्सकडे धावू लागलेल्या या गाड्यांनी ४३ वर्षे इमानाने सेवा केली. त्यांच्या जागी तारांवर चालणाऱ्या नव्या गाड्या आल्या. प्रवास अधिक स्वच्छ आणि शांत झाला, आणि तरीही जुन्या गाड्यांविषयीची हळहळ ओसरली नाही. यंत्रावर माणसाचा जीव जडतो, यात नवल काही नाही. परंतु एखाद्या राष्ट्राची हळहळ कशासाठी आहे, आणि तिच्या आडोशाला काय झाकले जाते, याचा विचार केवळ भावनेवर सोडून चालत नाही.

ज्या डिझेलसाठी आज उसासे टाकले जातात, त्याच डिझेलकडे एका पिढीपूर्वी परक्याच्या नजरेने पाहिले जात होते. ब्रिटिश रेल्वेने १९५५ मध्ये १२४ कोटी पौंडांची आधुनिकीकरण योजना जाहीर केली आणि वाफेच्या इंजिनांना निरोप देण्याचे ठरवले. तरीही ‘इव्हिनिंग स्टार’ हे या रेल्वेने बांधलेले शेवटचे वाफेचे इंजिन १९६० मध्ये स्विंडनच्या कारखान्यातून बाहेर पडले; आणि पुढे आठ वर्षांतच, ११ ऑगस्ट १९६८ रोजी, मुख्य मार्गावरील वाफेच्या प्रवासी वाहतुकीचा अंत झाला. ज्यांचे निम्म्याहून अधिक आयुष्य शिल्लक होते अशी इंजिने भंगारात गेली. त्यांच्या जागी घाईघाईने मागवलेल्या नाना तऱ्हेच्या डिझेल इंजिनांपैकी काही तर दशकभरही टिकली नाहीत. त्या काळच्या रेल्वेप्रेमींना डिझेल म्हणजे निर्जीव पेटारा वाटे. काळ पुढे सरकला, आणि पेटाऱ्यालाही आत्मा असल्याचा साक्षात्कार झाला!

या साक्षात्काराचे उत्तम उदाहरण म्हणजे ‘डेल्टिक’. ३३०० अश्वशक्तीची अशी अवघी २२ इंजिने १९६१-६२ मध्ये लंडन-एडिंबरो मार्गावर दाखल झाली आणि त्यांनी ताशी १०० मैलांचा वेग नित्याचा करून टाकला. २ जानेवारी १९८२ रोजी ती निवृत्त झाली, तेव्हा वाफेच्या निरोपासारखाच शोक झाला. त्यांची जागा घेतली ती ‘इंटरसिटी १२५’ने. म्हणजे २०१९ मध्ये ज्या गाडीसाठी लोक हळहळले, तीच गाडी १९८२ मध्ये दुसऱ्या एका लाडक्या इंजिनाला पदच्युत करणारी होती. खरे तर तिचा जन्मच तात्पुरती सोय म्हणून झालेला. वळणावर कलणारी ‘ॲडव्हान्स्ड पॅसेंजर ट्रेन’ ही विजेची गाडी तयार होईपर्यंत वेळ निभावून नेणे एवढेच तिचे काम होते. ती विजेची गाडी डिसेंबर १९८१ मध्ये प्रवाशांसाठी सुरू झाली आणि थोड्याच दिवसांत मागे घ्यावी लागली. तात्पुरती म्हणून आलेली डिझेल गाडी मात्र चार दशके राहिली. १ नोव्हेंबर १९८७ रोजी तिने ताशी १४८ मैलांचा वेग गाठून डिझेल गाड्यांमध्ये जागतिक विक्रमही नोंदवला.

शोक कशाचा?

मग हा शोक इंजिनाचा की आणखी कशाचा? ‘इंटरसिटी १२५’चे इंजिन क्रू येथे आणि डबे डर्बी येथे बांधले गेले. तिचे निमुळते, देखणे तोंड केनेथ ग्रेंज यांनी घडवले. ती सार्वजनिक मालकीच्या रेल्वेने, आपल्याच अभियंत्यांच्या बुद्धीने, आपल्याच कारखान्यांत निर्माण केली होती. पुढे १९८६ मध्ये स्विंडनचा कारखाना बंद झाला. १९९४ ते १९९७ या काळात रेल्वेचे खासगीकरण होऊन रूळ एकाकडे, गाड्यांची मालकी दुसऱ्याकडे आणि त्या चालवण्याचा ठेका तिसऱ्याकडे गेला. २०१७ पासून जुन्या गाड्यांच्या जागी येऊ लागलेल्या गाड्या जपानच्या हिताची कंपनीच्या आहेत. तेव्हा फलाटावरचा प्रेक्षक धुरासाठी हळहळत होता असे म्हणणे अर्धसत्य ठरेल. आपल्या हातांनी काही मोठे घडवण्याचा राष्ट्राचा आत्मविश्वास त्या धुराबरोबर विरून गेला, ही त्यामागची खरी वेदना आहे.

या वेदनेचा आदर करावा; पण तिने दृष्टी झाकोळू देऊ नये. जुन्या डब्यातून उतरायचे तर दाराची काच खाली ओढून, हात बाहेर काढून, बाहेरची मूठ फिरवावी लागे. वृद्धांना आणि अपंगांना ही कसरत किती जड जात असेल, हे सांगायला नको. शौचालयांचा मैला वर्षानुवर्षे रुळांवर पडत होता. पॅडिंग्टनच्या छताखाली इंजिनांचा धूर कोंडत होता, आणि तो हमालांच्या, तिकीट तपासनिसांच्या छातीत जात होता. १२ ऑगस्ट २०२० रोजी स्कॉटलंडमध्ये कारमॉन्ट येथे अतिवृष्टीने वाहून आलेल्या दगडमातीवर अशीच एक गाडी घसरली आणि तिघांचे प्राण गेले. अपघाताचे कारण गाडी नव्हती. मात्र आधुनिक सुरक्षा-निकषांनुसार बांधलेली गाडी असती तर परिणाम कमी भीषण होण्याचा संभव अधिक होता, असे चौकशी अहवालाने नमूद केले. आठवणींच्या सोनेरी चौकटीत या गोष्टी मावत नाहीत.

रखडपट्टीचा हिशेब

खरा प्रश्न त्याहून पुढचा आहे. विजेची गाडी आपली शक्ती पाठीवर वाहून नेत नाही. ती तारेतून घेते. म्हणून ती हलकी असते, झटकन वेग घेते, तिची देखभाल स्वस्त पडते आणि ब्रेक लावताना ती काही वीज परतही करू शकते. हे सारे ठाऊक असूनही ब्रिटनमधील लोहमार्गांपैकी जेमतेम ३८ टक्केच विद्युतीकृत आहेत. पॅडिंग्टन मार्गाच्या विद्युतीकरणाचा निर्णय २००९ मध्ये झाला. २०१३ मध्ये ८७ कोटी ४० लाख पौंडांचा असलेला अंदाज दोन वर्षांत २८० कोटींवर गेला. अखेर २०१७ मध्ये कार्डिफच्या पुढे स्वान्सीपर्यंत तारा नेण्याचा बेत सरकारने रद्द केला. मिडलँड मुख्य मार्गाची कथा तर अधिकच उद्बोधक आहे. २०१२ मध्ये आश्वासन, २०१५ मध्ये स्थगिती आणि त्याच वर्षी पुनरारंभ, २०१७ मध्ये उत्तरेकडील भाग रद्द, २०२१ मध्ये पुन्हा घोषणा आणि २०२५ मध्ये पुन्हा स्थगिती! काम थांबले की कुशल पथके विखुरतात. पुन्हा सुरू करायचे तर नव्याने माणसे शिकवावी लागतात. त्यामुळे खर्च फुगतो, आणि फुगलेला खर्च दाखवून काम पुन्हा थांबवले जाते. या दुष्टचक्रातून मार्ग काढला गेला तो दुहेरी गाड्यांचा. त्या तारेखाली विजेवर आणि तारेपलीकडे डिझेलवर धावतात. म्हणजे तारेखाली धावतानाही डिझेल इंजिनाचे ओझे वाहतात. डिझेलला समारंभपूर्वक निरोप द्यायचा आणि मागच्या दाराने त्यालाच डब्याच्या तळाशी बसवायचे, असा हा प्रकार आहे.

महाराष्ट्रातील वाचकाला यात एक विरोधाभास चटकन जाणवेल. मुंबईत बोरीबंदर ते कुर्ला विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी धावली. १९३० मध्ये सुरू झालेली ‘दख्खनची राणी’ विजेच्या जोरावर बोरघाट चढून पुण्याला पोचू लागली. ही यंत्रणा उभारणारी ‘जीआयपी’ ही मूळची लंडनमध्ये स्थापन झालेली कंपनी. त्याच लंडनहून कार्डिफला जाणाऱ्या गाड्यांवर विजेची तार येण्यास २०२० साल उजाडले! अडचण ज्ञानाची वा तंत्राची नव्हती. निश्चयाची होती, हे यावरून स्पष्ट होते.

आणि विजेविषयी हळहळ वाटत नाही, असेही नाही. मँचेस्टर आणि शेफील्ड यांना जोडणारा, पेनाइन डोंगरातून जाणारा वुडहेड मार्ग १९५४ मध्ये विद्युतीकृत झाला, १९७० मध्ये प्रवाशांसाठी आणि १९८१ मध्ये पूर्णपणे बंद झाला. त्या विजेच्या मार्गासाठी आजही लोक हळहळतात. तात्पर्य, माणूस वाफेवर, डिझेलवर वा विजेवर प्रेम करत नाही. जे भरवशाने चालत होते आणि अकारण हिरावले गेले, त्यावर करतो.

या भावनेला योग्य जागा कोणती, हेही ब्रिटननेच जगाला दाखवले आहे. वेल्समधील टॅलिलिन ही छोटी रेल्वे १९५१ मध्ये स्वयंसेवकांनी हाती घेतली, आणि जुन्या गाड्या जपण्याची एक थोर परंपरा तिथून सुरू झाली. डेल्टिकपैकी सहा इंजिने अशाच प्रयत्नांनी वाचली. यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात ‘इंटरसिटी १२५’चे इंजिनही आज सन्मानाने उभे आहे. स्मृती संग्रहालयात शोभते; धोरणात तिची जागा अनुभवाने घ्यावी लागते. २०२५ पासून ब्रिटनमधील प्रवासी रेल्वेसेवा टप्प्याटप्प्याने पुन्हा सार्वजनिक मालकीत येत आहेत. जुन्या रेल्वेचे नाव आणि रंग परत आणणे सोपे आहे. ठरवलेले काम सरकारे बदलली तरी शेवटास नेण्याची तिची शिस्त परत आणणे कठीण आहे, आणि तारा स्वान्सीला व शेफील्डला पोचतात की नाही, यावरूनच त्या शिस्तीची परीक्षा होईल.