वाळल्या गवताला सुबाभळीची जोड

मार्च उजाडला की शेळ्यांचे हाल सुरू होतात. गायरानातले कुसळी गवत वाळून काडी होते. शेळी दिवसभर हिंडते, पोटही फुगलेले दिसते, पण संध्याकाळी कासेत दूध नसते आणि करडू ओरडत राहते. मग कोणी म्हणते, शेळीला दृष्ट लागली. दृष्ट नव्हे, तिला प्रथिने मिळत नाहीत.

गवत कोवळे असते तोवर त्यात सत्त्व असते. ते निसवून वाळले की शंभर भागांत ३-४ भागच प्रथिने उरतात. शेळीच्या कोठीपोटात असंख्य सूक्ष्म जंतू असतात. गवत पचवतात ते हेच. त्यांना शंभरात निदान ७ भाग प्रथिनांचा चारा लागतो. तो नसला की जंतू मंदावतात, गवत पोटातच रेंगाळते आणि जागाच नाही म्हणून शेळी नवे खात नाही. गवत असून उपास तो असा.

पेंड घातली तर काम होते, पण मजुरीवर चालणाऱ्या घराला ती रोज कोठून परवडणार? सुबाभूळ, शेवरी, हादगा यांचा पाला मात्र फुकटात मिळतो. सुबाभळीच्या कोरड्या पाल्यात शंभरात २० ते २५ भाग प्रथिने असतात, आणि मुळे खोल गेल्याने झाड उन्हाळ्यातही हिरवे राहते.

३० किलोच्या शेळीला दिवसाला साधारण १ किलो कोरडा चारा लागतो. त्यात ओला सुबाभळीचा पाला १ किलो घातला, तर सुकून तो पाव किलोच्या आसपास भरतो. तेवढा पुरे; बाकी गवत, कडबा. पाला थोडा असेल तर आधी दुभत्या शेळीला आणि गाभणीला शेवटच्या दीड महिन्यात द्यावा, कारण करडू पोटात वाढते ते तेव्हाच. डहाळे जमिनीवर टाकू नका, दोरीने टांगा. तुडवलेला पाला शेळी हुंगून सोडते, हे तुम्हाला मी काय सांगावे!

नुसती सुबाभूळ मात्र घालू नये. तिच्यात मिमोसिन नावाचे विष असते. केस गळतात, गळ्याची गाठ सुजते. ऑस्ट्रेलियात गुरांना हा त्रास फार होई. रेमंड जोन्स या शास्त्रज्ञाने पाहिले की हवाई बेटांवरच्या शेळ्या तोच पाला खाऊन ठणठणीत आहेत. १९८० नंतरच्या काही वर्षांत त्यांच्या कोठीपोटातले जंतू ऑस्ट्रेलियात नेऊन तिथल्या जनावरांना पाजले, आणि त्यांनाही पाला मानवला. १९९२ साली त्यातल्या एका जंतूला जोन्स यांचेच नाव मिळाले. आपल्याकडच्या शेळ्यांतही असे जंतू आढळतात. तरी एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर जाऊ नका. घोड्या-गाढवाला तर अजिबात नको.

जमीन नाही, लावू कोठे, असे विचाराल. परसाच्या कुंपणाला लावा. बियांचे कवच कठीण असते. उकळते पाणी चुलीवरून उतरवून त्यावर ओता, रात्रभर राहू द्या, आणि पहिल्या पावसाला टोका. शेंगा पिकण्याआधी फांद्या छाटत जा, नाहीतर ती शेजाऱ्याच्या वावरात रान माजवील आणि भांडण तुमच्या दारी येईल. छाटताना बुंधा कमरेइतका ठेवा.

आणि पहिले वर्षभर रोपांना काटेरी फांद्यांचा आडोसा करा. त्यांना पहिला धोका तुमच्याच शेळीचा.