चोरून लावलेला कलप

बायकांच्या बैठकीत डोक्याला खाज सुटल्याची तक्रार निघाली की पहिला अंदाज उवांचा, दुसरा कोंड्याचा. कलपाचं नाव कुणी घेत नाही. चुडावा आणि पूर्णा तालुक्यातल्या आसपासच्या गावांत काम करताना हे नाव बाहेर पडायला मला बरीच वाट पाहावी लागली. "ताई, डोस्क्यात नुसती आग व्हायली बघा," एवढंच बाई सांगते. कानामागून पाणी सुटलेलं असतं, कपाळाच्या कडेने पुरळ, पापण्या सुजलेल्या, आणि पदर मात्र भुवयांपर्यंत ओढलेला. दोनतीनदा विचारलं की मग खालच्या आवाजात, "ते काळी मेंदी लावली होती."

आपल्या चळवळीतही हा विषय काढला की काही जणींच्या कपाळाला आठी पडते. पाणी, रेशन, दारू, मारहाण एवढं सगळं समोर असताना केस काळे करण्याचं काय घेऊन बसलात? हा तर बाजाराने शिकवलेला नट्टापट्टा, तो सोडा म्हणून सांगायचं की झालं. मला हे पटत नाही. जी बाई आपल्याला विचारून कलप लावत नाही, ती आपण सांगितलं म्हणून सोडणारही नाही. फक्त पुढच्या वेळी आग झाली की आपल्यापासूनही लपवील.

कलप लावणाऱ्या बाया कोण, ते आधी पाहू या. पस्तिशीतच केस पिकलेली बाई. लेकीला बघायला पाहुणे येणार म्हणून लावणारी आई, कारण पाहुणे मुलीबरोबर आईलाही न्याहाळतात. "म्हातारी दिसायलीस" म्हणून नवऱ्याने टोचलेली. दुकानात किंवा दवाखान्यात कामाला जाणारी. आणि नवऱ्याने टाकलेली किंवा विधवा बाई. तिने केस काळे केले की गाव एकच विचारतं, कुणासाठी? बाईच्या केसांवर इतरांचा हक्क, ही आपल्याकडची जुनीच गोष्ट. विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही म्हणून १८९० साली मुंबईच्या न्हाव्यांनी संप केला होता, नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्यांना त्यासाठी संघटित केलं होतं. आता तो वस्तरा नाही, पण विधवेने केसांचं काय करावं हे सांगणारे अजून आहेत.

पुरुषाचं बघा. तो न्हाव्याच्या खुर्चीत बसून, पेपर वाचत, मिशीसकट कलप लावून घेतो. लावणारा दुसरा, धुणारा दुसरा, घड्याळ समोर. कुणी त्याला चरित्राचा दाखला मागत नाही. बाई लावते ती रात्री, सगळे निजल्यावर, न्हाणीत, एका बल्बच्या उजेडात. हातमोजे नाहीत, आरसा तळहाताएवढा. पुडीवर अर्ध्या तासाची वेळ दिलेली असते, पण मध्येच सासू खोकली म्हणून ती डोक्याला फडकं गुंडाळून आडवी होते आणि डोळा लागतो. पहाटे बादलीभर पाण्यात डोकं धुते. मराठवाड्यातला उन्हाळा, लग्नसराई त्याच दिवसांत, आणि हंड्याहंड्याने आणलेलं पाणी. कलप पुरता निघायला पाणी भरपूर लागतं. डोक्यावर ओतलेल्या एकेका तांब्याचा हिशेब जिला द्यावा लागतो, तिच्या केसांच्या मुळाशी तो राहणारच. वर घाम. आमच्या बायांची डोकी जेवढी रसायनाने सोलतात तेवढीच या लपवाछपवीने आणि घाईने सोलतात, असं माझं ठाम मत झालं आहे.

रसायन कोणतं, तेही समजून घेऊ. मेंदीचा पाला कधी काळा रंगत नाही, त्याचा रंग तांबडा-नारिंगी. दहा-पंधरा रुपयांच्या पुडीतली 'काळी मेंदी' काळी होते ती बहुतेक वेळा पॅरा-फिनिलिनडायमिन या रसायनामुळे. डॉक्टर त्याला थोडक्यात पीपीडी म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ते केस रंगवायला वापरलं जातं. त्याचा त्रास इतका दिसला की विसाव्या शतकात जर्मनी, फ्रान्स, स्वीडन या देशांनी केसांच्या रंगात त्याला बंदी केली होती. पुढे ती उठली. 'हर्बल' किंवा 'अमोनिया नाही' असं पुडीवर छापलं म्हणजे आत पीपीडी नाही असं होत नाही. घटकांच्या यादीत हे नाव शोधायचं.

बाईला विचारायचा प्रश्न एकच: आग लावतानाच झाली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी? लावता लावताच चुरचुरलं आणि धुतल्यावर तासाभरात शांत झालं, तर बहुधा रंग तीव्र होता किंवा डोकं आधीच खाजवून सोललेलं होतं. पण लावताना काही नाही, आणि एक-दोन दिवसांनी खाज, पुरळ, पाणी, कान आणि पापण्या सुजणं, ही ऍलर्जी. ती एकदा जडली की सहसा जन्मभर राहते, आणि पुढच्या वेळी थोड्याशा रंगानेही जास्त भडकू शकते. "मागं तर कायबी झालं नव्हतं" असं बाया म्हणतात ते खरंच असतं. पाच वर्षं निभावलेला कलप सहाव्या वर्षी बाधू शकतो. जत्रेत हातावर काढतात त्या काळ्या मेंदीच्या नक्षीतूनही ही ऍलर्जी लहान वयातच जडते, म्हणून पोरींचे हात तिच्यापुढे करू नयेत.

आता कायद्याचं. सौंदर्यप्रसाधनांबद्दलच्या १९४५ च्या नियमांत केसांच्या रंगांसाठी वेगळा नियम होता आणि २०२० साली नवे नियम आले त्यातही ती तरतूद ठेवली आहे. ती सांगते की अशा रंगाच्या आतल्या आणि बाहेरच्या, दोन्ही वेष्टनांवर इंग्रजीत आणि स्थानिक भाषांत इशारा छापायचा: यातल्या घटकांनी काहींच्या त्वचेला त्रास होऊ शकतो, म्हणून आधी चाचणी घ्या, भुवया-पापण्यांना लावू नका, अंधत्व येऊ शकतं. चाचणी कशी घ्यायची हेही आत लिहून द्यायचं.

हा इशारा जवळजवळ शब्दशः अमेरिकेतला आहे. तिथे १९३३ च्या सुमारास 'लॅश ल्यूर' नावाचा पापण्यांचा रंग विकला जात होता, त्यातही हेच रसायन. त्याने बायकांचे डोळे गेले, एकीचा जीव गेला, आणि सरकारला तो बाजारातून काढायचा अधिकारच नव्हता. १९३८ साली तसा कायदा झाला. पण त्यातही केसांच्या रंगांना सूट मिळाली, अट एवढीच की वेष्टनावर हा इशारा छापायचा. म्हणजे बाधणारा रंग विकायची मोकळीक कंपनीला आणि त्या बदल्यात दोन वाक्यं बाईला. त्या सौद्यात बाईच्या वाट्याला आलेलं सगळं एवढंच. तेही तिच्या भाषेत तिच्यापर्यंत पोचलं नाही, तर तिला काहीच मिळालेलं नाही. आमच्या गटात बायांनी आणलेल्या पुड्या आम्ही मांडून पाहिल्या. बहुतेकींवर इशारा इंग्रजी-हिंदीत, तिळाएवढ्या अक्षरांत. दहावी झालेल्या मुलीलाही तो उजेडात धरून वाचावा लागला.

चाचणी अगदी साधी आहे. कानामागची किंवा कोपराच्या आतली जागा साबणाने धुऊन कोरडी करायची, कालवलेल्या कलपाचा टिकलीएवढा ठिपका लावायचा, वाळू द्यायचा. नियमात २४ तास म्हटलं आहे, पण उशिरा उमटणारी ऍलर्जी धरायची तर ४८ तास थांबलेलं बरं. खाज, लाली, फोड यांपैकी काही दिसलं तर तो कलप लावायचाच नाही. आणि हे प्रत्येक वेळी करायचं. अडचण आहे ती या दोन दिवसांची. पाहुणे उद्या येणार असतात, पुडी आज रात्री मिळते. म्हणून आम्ही ठिपका बैठकीतच लावायला सुरुवात केली. ज्यांना लग्नाला जायचं त्या आधीच्या आठवड्यात पुडी घेऊन येतात, एकमेकींना ठिपका लावतात, कान एकमेकींचे तपासतात. विधवा बाईही लावते, तिला कुणी 'कुणासाठी' विचारत नाही. मग पुढची कामंही उजेडात होतात: कपाळ-कानाच्या कडेला व्हॅसलीन, हातात मोजे, सोललेल्या डोक्याला कलप नाही, वेळ संपली की दुसरीने पाणी ओतायचं, स्वच्छ निघेपर्यंत.

आग झालीच तर ताबडतोब भरपूर पाण्याने आणि सौम्य शांपूने धुवा. थंड पाण्याची ओली घडी ठेवा. खाजवू नका, नखं कापा. लिंबू, कांद्याचा रस, चुना, रॉकेल, यातलं काहीही लावू नका. सोललेल्या कातडीवर ते दुसरी आग लावतं. मेडिकलमधून कुणीतरी सांगितलेली ट्यूब आणून चोपडू नका, त्यात अनेकदा स्टेरॉइड असतं आणि ते किती दिवस, कुठे लावायचं हे डॉक्टरने सांगायला हवं. पाणी सुटलं, पू धरला, डोळे सुजून मिटले तर नांदेड किंवा परभणीच्या सरकारी रुग्णालयात त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. एक मजुरी बुडते हे खरं, पण रिकामी पुडी सोबत न्या म्हणजे दुसरी खेप पडणार नाही. चेहरा-ओठ सुजून श्वास अडायला लागला तर रात्र असली तरी थांबायचं नाही.

आणखी एक. स्वयंरोजगार म्हणून आपणच मुलींना पार्लरचे कोर्स सुचवतो. स्वतः महिन्या-दोन महिन्यांनी कलप लावणारीपेक्षा रोज दहा जणींना लावणारीचे हात जास्त धोक्यात असतात. बोटांच्या बेचक्यांत चिरा पडतात, त्याला ती 'साबण लागला' म्हणते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१० साली हा धंदा करणाऱ्यांच्या बाबतीत कर्करोगाचा संभव नोंदवला, स्वतःपुरता रंग लावणाऱ्यांच्या बाबतीत तसा निष्कर्ष निघाला नाही. कोर्सच्या किटमध्ये कात्री-ब्रशबरोबर मोज्यांचा डबा आणि अभ्यासक्रमात ही चाचणी आहे का, हे नाव नोंदवतानाच विचारा.

चुडाव्याच्या गटाने आता रिकाम्या पुड्या जमवायला घेतल्या आहेत. ज्यांवर मराठीत इशारा नाही त्या परभणीच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात अर्जासोबत द्यायच्या आहेत. तुमच्या गावातल्याही फेकू नका. पुडीवर खरेदीची तारीख आणि दुकानाचं गाव लिहा, बॅच नंबर फाटू देऊ नका, आणि कुणाला त्रास झाला असेल तर किती तासांनी झाला तेवढं मागे लिहून ठेवा. बाईचं नाव लिहायची गरज नाही.