फळीवर दोघं

‘टायटॅनिक’ पाहून आलेला माणूस दोन दिवस हळवा असतो आणि तिसऱ्या दिवशी भांडायला येतो. वाद एकच : त्या फळीवर रोझच्या शेजारी जॅक मावला असता की नाही? सिनेमा आला 1997 साली, आमच्या कॅश काउंटरमागे हा वाद अजून निघतो. आमचं सोडा, खुद्द दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉननं 2023 साली गार पाण्यात माणसं उतरवून प्रयोग करून दाखवला!

अहो, मी कॉमर्सचा पदवीधर. मला फळी दिसतच नाही, ताळेबंद दिसतो. 1912च्या एप्रिलात जहाजावर सुमारे 2200 माणसं. होड्या 20, त्यांत जागा 1178. म्हणजे जवळजवळ निम्मी माणसं बंदर सोडतानाच बुडीत खाती! बेकायदा म्हणता? छे! ब्रिटिश सरकारचा नियमच असा, की 10,000 टनांच्या वरच्या जहाजाला 16 होड्या पुरेत. हे 46,000 टनांचं. यांनी चार जादा ठेवल्या. ऑडिटरनं ‘समाधानकारक’ असा शेरा मारून वर चहा घेतला असता.

बरं, वाचले किती? 700च्या आसपास. म्हणजे होत्या त्या जागांतल्याही साडेचारशेच्या वर रिकाम्याच गेल्या. पाण्यात उतरलेली पहिली होडी 65 माणसांची, तीत निघाली 28. एक नंबरच्या होडीत जागा 40, माणसं 12, त्यातही सात खलाशी! आतल्या एका सरसाहेबांनी त्या खलाशांना मागाहून पाच-पाच पौंडांचे चेक दिले. ती लाच नव्हे असं चौकशीत ठरलं. ठरो बापडं. पण 40च्या होडीत 12 बसले त्याचं कुणाला काही नाही, आणि आपण फळीवर दुसरा का नाही म्हणून घसा कोरडा करतोय!

पहिल्या वर्गातली शंभरातली 60 वाचली, तिसऱ्यातली 25. जॅकचं तिकीट तिसऱ्याचं, तेही पत्त्यांत जिंकलेलं. त्याचा निकाल फळीच्या कितीतरी आधी लागला होता.

सिनेमात हे आहे, बरं का. जहाज बांधणारा अँड्र्यूज अर्ध्या रिकाम्या होड्यांवरून अधिकाऱ्याला चांगला फैलावर घेतो. पण तेव्हा आपलं पब्लिक रुमाल शोधत असतं.

हे सगळं मी आमच्या हिला आकड्यांनिशी समजावलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “ते सगळं खरं हो, पण ती जरा सरकली असती तर मावला असता.”