कंपनी मेली, पण शेठ तर जिवंत आहे. मग?

तलासरी नाक्यावर सकाळी उभं राहून बघा. टेम्पो भरभरून माणसं उंबरगावच्या जीआयडीसीकडे जात असतात. डहाणूच्या पाड्यांवरूनही जातात. त्यातलाच एक जण मध्यंतरी माझ्याकडे कागद घेऊन आला. चार महिन्यांची मजुरी थकलेली, कारखान्याला कुलूप, आणि शेठचं उत्तर एकच: "कंपनी बंद झाली, मी कुठून देऊ?" तो मला म्हणाला, "कंपनी मेली, पण शेठ तर जिवंत आहे. मग?"

त्या "मग?"चं उत्तर शोधायला गेलो, तेव्हा जे दिसलं ते लिहितोय. जरा लांब आहे, पण वाचा.

कायद्याच्या नजरेत लिमिटेड कंपनी ही वेगळी व्यक्ती. तिचं कर्ज ते संचालकांचं कर्ज नव्हे. इंग्लंडमध्ये १८९६ साली सालोमन खटल्यात हे पक्कं झालं आणि आपणही तेच घेतलं. नियम वाईट नाही. धंदा बुडाला की घरदारही जाणार असेल तर नवा कारखाना काढायला कोण धजावेल?

पण ही भिंत सगळ्यांसाठी सारखी उंच नाही. गंमत तिथेच आहे.

बँक कर्ज देतानाच संचालकाची वैयक्तिक हमी लिहून घेते. कंपनी बुडाली की बँक थेट त्याच्या फ्लॅटवर जाते. सरकारनेही स्वतःची सोय केली आहे. १९६१ च्या आयकर कायद्याचं कलम १७९ बघा. प्रायव्हेट कंपनीकडून कर वसूल होत नसेल तर तो संचालकाने भरायचा. आपला गंभीर हलगर्जीपणा किंवा गैरकारभार नव्हता हे सिद्ध करायचं, तेही त्यानेच. जीएसटी कायद्याचं कलम ८९ तेच म्हणतं.

आणि मजुरी? तिच्यासाठी असं सरळ कलम नाही.

किंगफिशर आठवा. ऑक्टोबर २०१२ मध्ये विमानं थांबली. बँकांकडे मल्ल्यांची वैयक्तिक हमी होती, म्हणून त्या त्यांच्या मागे लागू शकल्या. कर्मचाऱ्यांचे पगार मात्र वर्षानुवर्षं अडकून पडले. त्यांच्याकडे कसली हमी होती? नेमणूकपत्र!

कोणी म्हणेल, कायद्यात मार्ग आहेत की. आहेत. कंपनी कायदा २०१३, कलम २४८(७): रजिस्टरमधून नाव काढलं तरी संचालकांची जबाबदारी "असल्यास" चालू राहते. सगळं त्या "असल्यास"मध्ये अडकतं. मुळात जबाबदारीच नसेल तर चालू काय राहणार? कलम ३३९ खाली फसवणूक सिद्ध केली तर संचालक अमर्याद जबाबदार धरता येतो. पण फसवणूक सिद्ध कोण करणार? ज्याच्याकडे हजेरीकार्डाची झेरॉक्सही नाही, तो?

दिवाळखोरी संहितेखाली जायचं तर किमान १ कोटीची थकबाकी लागते. ४० मजूर, महिना १२ हजार, चार महिने असं धरलं तर होतात १९ लाख २० हजार. म्हणजे दारातूनच परत. त्यात कारखाना गुजरातेत, कंपनीचं ऑफिस मुंबईत आणि मजूर तलासरीचा.

२०१७-१८ मध्ये सरकारने सव्वादोन लाखांहून जास्त कंपन्यांची नावं काढून टाकली. तीन वर्षं हिशेब न भरणाऱ्या संचालकांवर पाच वर्षांची बंदी येते. कागद भरले नाहीत तर शिक्षा आहे, मजुरी दिली नाही तर "कंपनी बंद झाली".

माझं मागणं मोठं नाही. थकलेल्या मजुरीसाठी कलम १७९ सारखंच कलम आणा, सहा महिन्यांच्या पगारापर्यंत. प्रामाणिकपणे बुडालेल्या संचालकाला तोच बचाव ठेवा. हे काही जगावेगळं नाही. कॅनडाच्या कंपनी कायद्यात कलम ११९ नुसार संचालक सहा महिन्यांपर्यंतच्या पगाराला वैयक्तिक जबाबदार असतात. तिथले कारखाने काही ओस पडले नाहीत. आणि आपल्या डहाणूत स्वतःच्या नावावर फुग्यांचा छोटा कारखाना चालवणारा मालक आजही घरादारासकट जबाबदार असतोच की. पुढे "प्रायव्हेट लिमिटेड" लावलं म्हणून मजुराचा घाम स्वस्त होतो का?

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर तीन गोष्टी लक्षात ठेवा.

१. हजेरीकार्ड, पगाराची स्लिप, बँकेची एंट्री जपून ठेवा. फोटो काढून ठेवला तरी चालेल.

२. पगारातून पीएफ कापला आणि भरला नाही, तर तो फौजदारी विश्वासघात धरला जातो. तिथे कंपनीच्या आड लपणं कठीण असतं. पीएफ कार्यालयात लेखी तक्रार द्या.

३. नाव काढायची जाहीर नोटीस निघाली की ३० दिवसांत हरकत घ्या. आपणहून नाव काढायला जाणाऱ्या कंपनीला आधी सगळी देणी फेडावी लागतात आणि प्रत्येक संचालकाला नोटरी केलेलं बंधपत्र द्यावं लागतं. ते बंधपत्र मागा. नाव आधीच काढलं असेल तर कलम २५२ खाली २० वर्षांपर्यंत न्यायाधिकरणाकडे जाता येतं. त्या कलमात "कामगार" हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे.

तो माणूस अजून फेऱ्या मारतोय. मधल्या काळात दुसऱ्या कारखान्यात लागलाय. गेटवरच्या पाटीवर परत तेच शब्द आहेत: प्रायव्हेट लिमिटेड.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर कॉमेंटमध्ये भांडा, पण मुद्द्यावर.