हद्द कोणाची, बिल कोणाचे?

बडोद्याच्या जुन्या वस्तीत, म्हणजे दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा, शियाबाग या भागांतील आपल्या घरांत, विजेच्या मीटरवरून कधी वाद होत नाही. मीटरपर्यंतची तार वीज कंपनीची आणि पुढची आपली, हे घरातल्या शेंडेफळालाही ठाऊक असते. फ्यूज उडाला की आपण वायरमनला बोलावतो, खांबावरची तार तुटली की कंपनीकडे तक्रार करतो. इंटरनेटच्या बाबतीत मात्र ही रेघ कोणी आखून दाखवलेली नाही. त्यामुळे आपल्या सभासदांच्या खिशाला वरचेवर नाहक चाट बसते. म्हणून या विषयावर स्पष्ट लिहिणे आम्हांस आवश्यक वाटते.

तक्रारीचा मासला बहुधा एकच असतो. नेट बंद पडते, तक्रार नोंदवली जाते, एक-दोन दिवसांनी माणूस येतो. मॉडेमवर नजर टाकून तो म्हणतो, ‘काका, घरनुं वायरिंग खराब छे.’ मग तारेची दोन टोके कापून नवी जोडतो, रोख पैसे घेतो आणि जातो. पावती मिळत नाही. चार पावसाळी दिवस गेले की नेट पुन्हा बंद आणि पुन्हा तेवढेच पैसे. ज्या घरात मुले पुण्याला, बंगळुरूला किंवा परदेशी आहेत आणि मागे सत्तरीपुढचे दोघेच राहतात, तिथे हुज्जत घालणार कोण? नातवंडांचे तोंड दिसायचे तर नेट हवे. 2014 पासून निवृत्तिवेतनाचा हयातीचा दाखला घरबसल्या ऑनलाइन देता येतो, त्यालाही नेट हवे. म्हणून माणूस मुकाट्याने पैसे देतो.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. घरातली वायरिंग खरोखरच सदोष असते, आणि जुन्या वाड्यांत तर फार वेळा. केबल टीव्ही आला तेव्हा घातलेली तार आजही माळ्यावरून, जिन्याखालून तशीच फिरवलेली असते. एकाच तारेवर टीव्ही आणि मॉडेम दोन्ही चालावेत म्हणून मध्ये स्प्लिटर बसवलेला असतो. दोन तोंडांचा स्प्लिटर सिग्नलची जवळजवळ निम्मी शक्ती प्रत्येक तोंडाला वाटून देतो आणि चार तोंडांचा पाव. एकापुढे एक असे दोन-तीन स्प्लिटर लागले की मॉडेमपर्यंत पोहोचायला फारसे काही उरत नाही. टोकाचा कनेक्टर सैल झाला, गंजला किंवा त्यात पावसाचे पाणी मुरले की बाहेरचा गोंगाट तारेत शिरतो. केबल ब्रॉडबँडमध्ये घराकडून कंपनीकडे जाणारा मार्ग गल्लीतल्या सर्व घरांचा सामाईक असतो, त्यामुळे एका घरातल्या सैल कनेक्टरचा त्रास शेजारच्या दहा घरांना होऊ शकतो. गच्चीवरून गच्चीवर टाकलेली लॅनची तांब्याची तार असेल तर शंभर मीटरच्या पुढे तिचा भरवसा नाही, आणि वीज कडाडली की मॉडेमचे पोर्ट जळण्याची भीती वेगळीच. फायबरला विजेची ही भीती नाही, पण कपाटामागे ती करकचून वाकवली की प्रकाश अडतो.

तेव्हा ‘दोष घरातला आहे’ हे विधान दर वेळी खोटे नसते. आमचे म्हणणे एवढेच की ते तपासून सिद्ध व्हावे आणि पैसे त्यानंतर मागावेत. तपासणी अवघड नाही. केबलचे नेट असेल तर तार घरात जिथून शिरते त्या पहिल्या जोडावर, मधले सगळे स्प्लिटर काढून, मॉडेम थेट लावायला सांगावे. वायफाय बाजूला ठेवून लॅपटॉप तारेने मॉडेमला जोडावा. नेट नीट चालले तर दोष आतला, तो खर्च आपला. तिथेही चालत नसेल तर मॉडेम बदलून पाहायला सांगावे. तरीही चालले नाही तर दोष बाहेरचा, आणि त्याचे पैसे देण्याचे आपल्याला कारण नाही. मॉडेम कंपनीने भाड्याने दिलेला असेल तर त्याच्या दुरुस्तीचा भार कोणावर, हे जोडणीच्या अर्जात पाहावे. फायबरच्या पेटीवर ‘एलओएस’ हा दिवा लाल दिसला तर प्रकाश पेटीपर्यंत पोहोचत नाही असे समजावे. घरातली तार वाकली-तुटली नसेल तर दोष बहुधा बाहेर असतो. ही सारी परीक्षा दहा-पंधरा मिनिटांची आहे. ती आपल्यासमोर व्हावी असा आग्रह धरण्यात कसलाही उद्धटपणा नाही.

कायदा काय म्हणतो, तेही सभासदांनी ध्यानात ठेवावे. घरी येऊन दुरुस्ती करण्याचा सरसकट दर दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, ब्रॉडबँडसाठी ठरवून दिलेला नाही. म्हणून दर आधी विचारून घेणे हे आपले काम. मात्र पैसे घेऊन बिल किंवा पावती न देणे ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. ट्रायच्या 2012 च्या नियमांनुसार तक्रार नोंदवली की तिचा क्रमांक मिळाला पाहिजे, आणि समाधान झाले नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे विनाशुल्क दाद मागता येते. त्या अपिलाचा निकाल 39 दिवसांत लागावा असा नियम आहे. ट्राय स्वतः एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, त्यामुळे थेट तिथे पत्रे पाठवून हाती काही लागत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. पूर्वी कंपन्या ‘दूरसंचाराचा वाद ग्राहक न्यायालयात चालत नाही’ असे म्हणून हात झटकत. फेब्रुवारी 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आडोसा काढून टाकला. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. पण आयोगापुढे जायचे तर हातात कागद हवा. पावती मागायची ती त्यासाठीच.

कंपन्यांकडे आणि त्यांच्या स्थानिक केबलचालकांकडे आमच्या मागण्या चार आहेत. कंपनीची हद्द घरातल्या कोणत्या जोडापाशी संपते, हे जोडणी देतानाच लेखी द्यावे आणि त्या जोडावर खुणेची चिठ्ठी लावावी. भेटीचा आणि दुरुस्तीचा दर छापील असावा. दोष कुठला हे ग्राहकासमोर तपासल्याशिवाय पैसे मागू नयेत. घेतलेल्या प्रत्येक रुपयाची पावती द्यावी, आणि तोच दोष महिन्याभरात पुन्हा निघाला तर दुसरी भेट फुकट असावी. महापालिकेच्या निवडणुकीत मते मागायला येणाऱ्यांनाही हे ऐकवले पाहिजे. गल्लीत लोंबणाऱ्या तारांच्या जाळ्यातूनच निम्मे बिघाड जन्मतात अशी आपली सर्वांचीच तक्रार आहे, आणि रस्त्यावरून तारा नेण्याच्या परवानगीत महापालिकेला बोलण्याचा अधिकार आहे.

आपल्याही वाट्याला काही काम आहेच. वाड्याचा जिना सामाईक, गच्ची सामाईक, पण तार बदलायची म्हटली की एक भाऊबंद खिळा ठोकू देत नाही आणि दुसरा वर्गणी देत नाही, हे चित्र आपल्याला नवे नाही. वीस-पंचवीस वर्षांची तार दर पावसाळ्यात ठिगळे लावून चालवण्यापेक्षा सर्वांनी मिळून एकदाच नवी घालावी, ती विजेच्या तारेपासून दूर ठेवावी आणि नको असलेले स्प्लिटर काढून टाकावेत. वारंवारच्या भेटींना जाणारा पैसा पाहता हा खर्च थोड्या काळात भरून निघेल. शिवाय येणारा तंत्रज्ञ हा बहुतेक वेळा तुटपुंज्या पगारावरचा पोरगा असतो. त्याच्यावर आवाज चढवून काही साधत नाही. त्याला पाणी विचारावे, तपासणी करायला लावावी आणि पावती मागावी.

वृद्ध सभासदांना हे एकट्याने जमणार नाही याची आम्हांस जाणीव आहे. म्हणून येत्या सर्वसाधारण सभेत हा विषय ठेवावा, आणि प्रत्येक मोहल्ल्यातून ज्याला तारांचे थोडेफार कळते असा एक तरुण कार्यकर्ता नेमावा, असे आम्ही सुचवतो. दुरुस्तीचा माणूस घरी येईल तेव्हा या कार्यकर्त्याने शेजारी उभे राहावे, एवढेच त्याचे काम. सभासदांनी आजवर मिळालेल्या पावत्या आणि तक्रार क्रमांक कार्यालयात आणून द्यावेत. पन्नास घरांचे कागद एकत्र घेऊन मंडळाने कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जावे. एकट्या काकांना ‘वायरिंग खराब छे’ सांगून निघून जाता येते, पन्नास घरांना तसे सांगणे कठीण जाईल.